टाइट एंडच्या वादात पडण्याआधी: नवख्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत नवीन आलात की सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सोमवारी सकाळी ऑफिसात विषय एकच असतो: अमेरिकन फुटबॉल, म्हणजे एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग. नियम हळूहळू कळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकणं, फील्ड गोल (बॉल लाथेने गोलपोस्टमधून मारणं), टचडाउन (बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) एवढं डोक्यात बसलं की सामना बघता येतो. खरी पंचाईत पुढे होते, जेव्हा कुणीतरी विचारतं, "तुझ्या मते सर्वांत भारी कोण?" क्वार्टरबॅकबद्दल (पास फेकणाऱ्याबद्दल) विचारलं तर टॉम ब्रेडीचं नाव घेऊन सुटता येतं. टाइट एंडबद्दल विचारलं तर तसं सुटता येत नाही. तिथे तीन-चार नावं आहेत, प्रत्येकाच्या बाजूने जबर मुद्दे आहेत, आणि बहुतेक वेळा भांडणारे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

या वादात तयारीनिशी कसं उतरायचं ते खाली क्रमाने देतो. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट नावांवर उडी मारू नका. तिथेच सगळे फसतात.

१. आधी हा गडी नेमकं काय करतो ते बघा

खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेवर मधोमध पाच धिप्पाड लाइनमन असतात. त्यांचं काम समोरच्याला अडवणं. पास झेलायची मुभा त्यांना साधारणपणे नसते. त्यांच्या कडेला, टॅकलला (टोकाच्या लाइनमनला) जवळजवळ खेटून, एक हात जमिनीला टेकवून उभा असतो तो टाइट एंड. त्याला दोन्ही करावं लागतं. बॉल घेऊन पळायचं ठरलं असेल तर समोरच्या बचावफळीच्या टोकावरच्या सव्वाशे किलोच्या गड्याला, डिफेन्सिव्ह एंडला, खांद्याने रेटायचं. पासचं ठरलं असेल तर तिथूनच सुटून मैदानाच्या मधल्या गर्दीत शिरायचं आणि मागून कुणीतरी येऊन आदळणार हे माहीत असताना हात वर करून बॉल झेलायचा.

क्रिकेटवाल्यांना यष्टिरक्षक-फलंदाजाचा वाद आठवेल. धावा धावफलकावर दिसतात, ग्लोव्ह्जचं काम दिसत नाही. इथेही झेल, यार्ड, टचडाउन यांची पै-पै मोजलेली असते, पण ब्लॉकिंगचा, म्हणजे अडवण्याचा, अधिकृत हिशोब कुठेच नाही. अर्धा वाद यातूनच उभा राहतो.

पुढच्या सामन्यात एक करून बघा. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे जातो, तुम्ही जाऊ नका. खेळ सुरू व्हायच्या आधी ऐंशीच्या घरातला शर्ट शोधा. बहुतेक टाइट एंड ८० ते ८९ मधलाच नंबर घालतात. त्याचा हात जमिनीला टेकलाय का? की तो लाइनपासून लांब, मोकळा उभा आहे? बॉल हलला की पहिली दोन सेकंदं फक्त त्याच्यावर नजर ठेवा. चांगला टाइट एंड खांदा खाली घालून ब्लॉक करतोय असंच भासवतो, त्यामुळे लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी) पुढे ओढला जातो, आणि हा हळूच त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत सटकतो.

ही चाल कळली की एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. जो नुसता झेलतो, त्याच्यासाठी समोरचा संघ एक लाइनबॅकर बाहेर बसवून जास्तीचा चपळ बचावपटू आणतो. जो खरोखर ब्लॉक करतो, त्याच्यासमोर तसं केलं तर त्याचा संघ बॉल घेऊन पळत सुटतो. म्हणून वजनदार लाइनबॅकर मैदानात ठेवावाच लागतो, आणि त्याला पळण्यात मागे टाकणं सोपं जातं. ब्लॉकिंग असं झेलांच्याही कामी येतं. आकडे घेऊन बसणाऱ्यांना हा मुद्दा फारसा आवडत नाही, म्हणून तो हाताशी ठेवा.

२. वाद कशाचा आहे ते वदवून घ्या

कुणी "सर्वांत भारी" म्हणालं की लगेच नाव फेकू नका. उलट विचारा: अख्खी कारकीर्द धरायची, की ऐन भरातली चार-पाच वर्षं? की एकाच निर्णायक सामन्यासाठी कुणाला घ्याल असा प्रश्न आहे? की ही जागा ज्याने बदलून टाकली तो मोठा? चार प्रश्नांची चार वेगळी उत्तरं निघतात आणि चारही बरोबर असू शकतात.

दुसरी अट: टाइट एंड कुणाला म्हणायचं? हसू नका, यावर रीतसर सुनावणी झालेली आहे. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या जिमी ग्रॅहमला संघाने टाइट एंड म्हणून फ्रँचायझी टॅग लावला (करार संपलेल्या खेळाडूला त्याच्या जागेनुसार ठरलेल्या पगारावर एक वर्ष रोखून ठेवायची तरतूद). त्याचं म्हणणं, मी बहुतेक वेळा लाइनपासून लांब उभा राहतो, म्हणजे मी वाइड रिसीव्हर, कडेला उभा राहून पास झेलणारा. फरक मानपानाचा नव्हता, पैशांचा होता: टाइट एंडला सुमारे ७० लाख डॉलर, वाइड रिसीव्हरला सुमारे १ कोटी २० लाख. लवादाने निकाल दिला की तो टाइट एंडच. आजचे निम्मे टाइट एंड स्लॉटमध्ये, म्हणजे लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत, उभे राहूनच झेल जमवतात. त्यांचे आकडे जुन्या लोकांच्या आकड्यांशेजारी ठेवताना हे विसरू नका.

३. सोबत काय ठेवायचं

- प्रो फुटबॉल रेफरन्स ही साइट फोनवर उघडलेली. प्रत्येक खेळाडूचा हंगामवार हिशोब तिथे मिळतो.
- ऑल-प्रो (हंगामातल्या सर्वोत्तमांचा कागदावरचा संघ) पहिल्या संघात कोण किती वेळा आलं, त्याची नोंद. प्रो बोल या दरवर्षीच्या निवडक खेळाडूंच्या मानापेक्षा ही नोंद जास्त भरवशाची (का, ते पुढे).
- २०१९ मध्ये एनएफएलच्या शंभराव्या हंगामानिमित्त निवडलेल्या सार्वकालिक संघातली पाच नावं: माइक डिट्का, जॉन मॅकी, केलन विन्सलो, टोनी गॉन्झालेझ, रॉब ग्रॉन्काउस्की. वाद फारच भरकटला तर इथून परत सुरुवात करता येते.
- प्रत्येक मोठ्या नावाचा निदान एक अख्खा सामना पाहिलेला. नुसत्या हायलाइट्स नकोत, त्यात ब्लॉक दाखवतच नाहीत.

४. काळाचा हिशोब करा

१९६१ ते १९७७ हंगाम १४ सामन्यांचा होता, १९७८ पासून १६ चा, २०२१ पासून १७ चा. नुसती बेरीज केली की जुने लोक आपोआप खाली जातात.

त्याहून मोठा बदल नियमांचा आहे. १९७८ च्या आधी बचावपटूला रिसीव्हरला बराच लांबवर धक्काबुक्की करता यायची. १९७८ मध्ये ती मुभा रेषेपासून पाच यार्डांपर्यंत आणली आणि पासचा खेळ मोकळा झाला. नंतरच्या वर्षांत डोक्यावर आदळणाऱ्यांना दंड सुरू झाले, आणि मैदानाच्या मध्यात झेल घेणं पूर्वीइतकं जिवावरचं राहिलं नाही.

आता शिकागो बेअर्सच्या माइक डिट्काचा १९६१ चा पहिलाच हंगाम घ्या: ५६ झेल, १,०७६ यार्ड, १२ टचडाउन. १४ सामन्यांत. सामन्यामागे जवळपास ७७ यार्ड पडतात. आजच्या १७ सामन्यांच्या हिशोबाने हाच वेग १,३०० यार्डांच्या पुढे जातो, तोही धक्काबुक्कीच्या काळात आणि नवख्या पोराचा. लोकांना डिट्का आठवतो तो नंतरचा, १९८५ च्या बेअर्सचा मिशीवाला प्रशिक्षक म्हणून. पण १९८८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला टाइट एंड तोच.

५. ही नावं पाठ करा

सगळ्यांना सारखा वेळ द्यायची गरज नाही.

*जॉन मॅकी.* बाल्टिमोर कोल्ट्स, १९६३ पासून. एकूण ३३१ झेल म्हणजे आजच्या हिशोबाने किरकोळ. पण झेल घेतल्यावर त्याला पाडायला तीन-चार जण लागायचे. टाइट एंडकडे लांब पल्ल्याचं हत्यार म्हणून बघायला त्याने शिकवलं. पाचव्या सुपर बोलमध्ये (हंगामाच्या अंतिम सामन्यात) दोघांच्या हातांना लागून उडालेला बॉल झेलून त्याने ७५ यार्डांचं टचडाउन केलं. मैदानाबाहेर तो खेळाडू संघटनेचा अध्यक्ष होता, आणि त्याच्या नावाने चाललेल्या खटल्यात १९७६ मध्ये 'रोझेल रूल' कोसळला. करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने घेतलं तर जुन्या संघाला भरपाई द्यायला लावणारा तो नियम. आज खेळाडू संघ बदलून कोट्यवधी कमावतात, त्यात मॅकीचा वाटा आहे. उतारवयात त्याला स्मृतिभ्रंश झाला. अशा माजी खेळाडूंच्या देखभालीची योजना त्याच्या शर्टाच्या नंबरावरून '८८ प्लॅन' म्हणून ओळखली जाते.

*केलन विन्सलो.* सॅन दिएगो चार्जर्स. प्रशिक्षक डॉन कोरिएलने त्याला लाइनला बांधून न ठेवता कधी इकडे, कधी तिकडे उभं केलं आणि बचावाची तारांबळ उडाली. १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षं सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक झेल याचेच होते, वाइड रिसीव्हर धरूनसुद्धा.

त्याचा एक सामना तुम्हाला माहीत असायलाच हवा. २ जानेवारी १९८२, मायामी, प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. उकाडा आणि दमट हवा. पहिल्या क्वार्टरअखेर चार्जर्स २४-० ने पुढे, मग मायामीने सगळं भरून काढलं. विन्सलोने १३ झेल घेतले, १६६ यार्ड, एक टचडाउन. अंगात पेटके येत होते, ओठ फाटला होता, मध्येमध्ये त्याला बाहेर न्यावं लागत होतं. ३८-३८ अशी बरोबरी असताना शेवटच्या क्षणी मायामीने फील्ड गोल मारला, आणि तो अडवायला उडी मारून हात लावणारा पुन्हा विन्सलोच. जादा वेळेत चार्जर्स ४१-३८ ने जिंकले. संपल्यावर त्याला दोन सहकाऱ्यांनी खांद्याचा आधार देऊन नेलं. "एका सामन्यासाठी कोण?" या प्रश्नाला इतकं सज्जड उत्तर दुसरं नाही. पुढच्याच आठवड्यात सिनसिनाटीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत चार्जर्स हरले, हेही सांगून टाका, नाहीतर समोरचा सांगेल.

*टोनी गॉन्झालेझ.* १९९७ ते २०१३, आधी कॅन्सस सिटी चीफ्स, मग अटलांटा फाल्कन्स. १,३२५ झेल, १५,१२७ यार्ड, १११ टचडाउन. झेलांत त्याच्या पुढे फक्त जेरी राइस आणि लॅरी फिट्झजेराल्ड, दोघेही वाइड रिसीव्हर. पण मला थक्क करतो तो वेगळाच आकडा: १७ हंगामांत तो फक्त दोन सामन्यांना मुकला. ज्या जागेवर दर रविवारी कुणीतरी गुडघ्यावर आदळतं, तिथे हे कसं जमलं देव जाणे. कॉलेजात तो बास्केटबॉलही खेळायचा. टचडाउन केल्यावर गोलपोस्टच्या दांडीवरून बॉल डंक करणं ही त्याची खूण होती. लीगने नंतर त्यावर बंदी घातली. सुपर बोल मात्र एकदाही नशिबी आला नाही.

*रॉब ग्रॉन्काउस्की.* न्यू इंग्लंड पेट्रिअट्स, शेवटची दोन वर्षं टँपा बे. बोलताना 'ग्रॉन्क' म्हणा, पूर्ण आडनाव कुणी घेत नाही. ६२१ झेल, ९,२८६ यार्ड, ९२ टचडाउन. गॉन्झालेझच्या निम्म्याहून कमी झेलांत एवढे टचडाउन, हे लिहून घ्या. २०११ मध्ये एका हंगामात झेलांतून १७ टचडाउन, हा टाइट एंडचा विक्रम. आणि ब्लॉकिंगला उभा राहिला तर जणू सहावा लाइनमन. कमकुवत बाजू एकच: शरीर. पाठ, हात, गुडघा अशी दुखण्यांची यादी मोठी, त्यामुळे कारकिर्दीत १४३ सामनेच झाले.

*ट्रॅव्हिस केल्सी.* कॅन्सस सिटी चीफ्स. कॉलेजात सुरुवातीला क्वार्टरबॅक होता, आणि बचावातली मोकळी जागा त्याला इतरांआधी दिसते ती बहुधा त्यामुळेच. २०१६ ते २०२२ सलग सात हंगाम हजारावर यार्ड. २०२० मध्ये १५ सामन्यांत १,४१६ यार्ड, टाइट एंडचा विक्रम. प्लेऑफमधल्या झेलांत त्याने जेरी राइसलाही मागे टाकलं. तीन सुपर बोल. २०२४ च्या नाताळाला पिट्सबर्गमध्ये त्याने चीफ्ससाठी टचडाउन झेलांचा गॉन्झालेझचा विक्रम मोडला आणि बंदी असूनही बॉल दांडीवरून डंक केला. दंड झाला तो झालाच. (कुणी त्याच्या प्रेमप्रकरणाकडे वळलं की तो वाद संपला असं समजा, कॉफी आणायला उठा.)

बाकीच्यांबद्दल एकेक ओळ पुरते. शॅनन शार्प: दहा हजार यार्ड ओलांडणारा पहिला टाइट एंड, तीन सुपर बोल. अँटोनियो गेट्स: कॉलेजात फुटबॉल खेळलाच नाही, बास्केटबॉलवाला, ड्राफ्टमध्येही (संघांनी कॉलेजातली पोरं निवडायच्या फेरीत) कुणी घेतलं नाही, तरी ११६ टचडाउन, टाइट एंडमध्ये सर्वाधिक. जेसन विटन: डॅलसचा, १,२२८ झेल. ऑझी न्यूसम: क्लीव्हलँडचा, नंतर बाल्टिमोर रेव्हन्सची बांधणी करणारा जनरल मॅनेजर, क्लीव्हलँडच्या माणसासमोर हे नंतरचं बोलू नका.

६. नेहमीचे सापळे

*अंगठ्या मोजणं.* सुपर बोल जिंकणाऱ्याला अंगठी मिळते. "ग्रॉन्कच्या चार, गॉन्झालेझची शून्य, विषय संपला." विषय संपत नाही. चारपैकी ५१ व्या सुपर बोलच्या वेळी ग्रॉन्क पाठीची शस्त्रक्रिया होऊन बाहेर बसला होता. याहून चांगलं उदाहरण हवं असेल तर फेब्रुवारी २०२१ चा ५५ वा सुपर बोल घ्या. दोन्ही संघांचे टाइट एंड ८७ नंबरचे. केल्सीचे १० झेल, १३३ यार्ड. ग्रॉन्कचे ६ झेल, ६७ यार्ड, दोन टचडाउन. टँपा बे ३१-९ ने जिंकलं. अंगठीवरून ठरवायचं तर केल्सी त्या दिवशी नापास. सामना पाहिलेला कुणी असं म्हणणार नाही, आणि ग्रॉन्कचे ते दोन टचडाउनही कुणी विसरणार नाही.

*"त्याला क्वार्टरबॅक तसा मिळाला."* हा हुकमी टोला आहे आणि त्यात तथ्यही आहे. ग्रॉन्कला ब्रेडी होता, विन्सलोला डॅन फाउट्स. गॉन्झालेझच्या बाजूने बोलणारे इथे गुण मिळवतात, कारण कॅन्सस सिटीत त्याच्यासमोर क्वार्टरबॅक येत-जात राहिले. केल्सीवर हा टोला आला तर एवढंच सांगा: पॅट्रिक महोम्स २०१८ मध्ये नियमित खेळू लागला, केल्सीने त्याआधीच, २०१६ आणि २०१७ मध्ये, अ‍ॅलेक्स स्मिथच्या पासवर हजार यार्ड ओलांडले होते.

*प्रो बोलची संख्या.* गॉन्झालेझ १४ वेळा निवडला गेला, हे मोठंच आहे. पण प्रो बोलच्या निवडीत प्रेक्षकांचीही मतं धरतात आणि एका हंगामात अनेक टाइट एंड निवडले जातात. ऑल-प्रोच्या पहिल्या संघात सहसा एकच असतो. तिथला हिशोब: गॉन्झालेझ सहा वेळा, शार्प, ग्रॉन्क आणि केल्सी प्रत्येकी चार.

*फँटसी लीगचं डोकं.* फँटसी फुटबॉलमध्ये ब्लॉकला शून्य गुण. ज्याला खेळ तिथूनच कळलाय त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज किटलचा एखादा सामना दाखवा. बॉलजवळ न जाता माणूस सामना कसा फिरवतो ते समजेल.

७. बसून बोलायची रीत

खेळ चालू असताना वाद काढू नका. जाहिराती पुष्कळ असतात. यजमान कुठल्या गावचा आहे ते आधी काढा. कॅन्सस सिटीवाला असेल तर मजा वेगळीच, कारण गॉन्झालेझ आणि केल्सी दोघेही त्यांचेच, नुसतं "दोघांतला कोण?" विचारा आणि मागे टेकून बसा. बॉस्टनवाल्यासमोर ग्रॉन्कच्या दुखापतींचा मुद्दा काढायचा तर आधी त्याच्या ब्लॉकिंगचं कौतुक करा, मगच काढा. साठीच्या पुढचा कुणी काका असेल तर त्याला मॅकी किंवा डिट्काबद्दल विचारा. अनोळखी देशी माणसाने मॅकीचं नाव घेतलं की माणसं खुर्ची पुढे ओढतात.

आपल्याकडची इथे वाढलेली पोरं हा खेळ आपल्यापेक्षा चांगला जाणतात. त्यांना शिकवायला जाऊ नका, विचारा.

८. आता स्वतःची यादी करा

माझी यादी ही: ग्रॉन्क, गॉन्झालेझ, केल्सी, मॅकी, विन्सलो. गॉन्झालेझला पहिला ठेवणाऱ्याशी मी भांडत नाही. कारकिर्दीच्या लांबीवर तोच पहिला. पण टाइट एंडच्या दोन्ही कामांना निम्मे-निम्मे गुण दिले, तर दोन्हीकडे एकाच वेळी वरच्या पायरीवर असलेला ग्रॉन्कच दिसतो. ५३ व्या सुपर बोलमध्ये अख्ख्या सामन्यात एकच टचडाउन झालं. त्याच्या आधीचा २९ यार्डांचा झेल ग्रॉन्कचा, थेट दोन यार्डांच्या रेषेपर्यंत. डिट्का माझ्या यादीत सहावा येतो, आणि याबद्दल शिकागोत मी तोंड उघडत नाही.

तुमची यादी करताना प्रत्येक नावापुढे एकच कारण लिहा, तेही आकडा सोडून. कारण सुचलं नाही तर ते नाव हायलाइट्स बघून आलंय असं समजा आणि त्याचा एक अख्खा सामना बघा.

शेवटची सूचना ब्रॉक बॉवर्सबद्दल. लास वेगास रेडर्सच्या या पोराने २०२४ मध्ये पहिल्याच हंगामात ११२ झेल घेतले, त्यामुळे कुणीतरी त्याला या यादीत घुसवणारच. तिथे फक्त डिट्काचा १९६१ चा हंगाम पुढे करा, १४ सामन्यांचा, आणि समोरच्याला बोलू द्या.